दिवेलागणीची ओळ

"आधी पडद्यावरून बंद म्हणायचं. मग हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं. वायरला हात त्यानंतर. घाईनं उपटलीस तर आतलं सगळं विस्कटतं, आणि मग माझ्या नावानं बोटं मोडत बसशील."

नवऱ्याचं हे बोलणं थोरल्या सुनेच्या कानात जसंच्या तसं होतं, त्यातल्या खोट्या दटावणीसकट. हात मागे बांधायचं तो गमतीनं म्हणाला होता. तिनं त्याचा नेम केला. डबा बंद करायचा झाला की ती खरोखर हात मागे बांधून उभी राही, देवापुढे असते तितक्या निष्ठेनं, आणि दिवा थांबला की मगच पुढे होई.

डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, आत तळहाताएवढा संगणक आणि त्याच्या शेजारी चिकटपट्टीनं बसवलेली हार्ड डिस्क. संगणकावर लिनक्स, वायर टीव्हीला. सिनेमे, गाणी, घरचे फोटो, सगळं त्यातून दिसायचं आणि ऐकू यायचं. धाकटा दीर पहिल्यापासून हसायचा, "दादा, सगळं जग दुकानातून चकचकीत खोकं आणतं, तू मात्र पत्रा ठोकत बस." त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं. "त्या खोक्यात आपण पाहुणे. ह्यात आपण घरचे."

नवरा नाट्यगृहात ध्वनियंत्रणा सांभाळायचा. सगळे त्याला साउंडवाला म्हणत. दुसऱ्यांचे बसलेले आवाज उठवण्यात, चिरके आवाज मऊ करण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि देवानं आजार द्यायचा तर नेमका त्याचाच गळा निवडला. देवाच्या निवडीबद्दल तक्रार करू नये. थोरलीनं केली नाही. पण त्या दिवसापासून देवापुढे बसताना तिची मान पूर्वीइतकी खाली जात नसे, हे तिचं तिला माहीत होतं.

शस्त्रक्रियेनंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांत त्यानं झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दार लावून घेतलं आणि आईचं आवडतं संतचरित्रांचं जाड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित केलं. आईची नजर केव्हाच गेली होती, आणि संध्याकाळी तिला वाचून दाखवायची त्याची जुनी पद्धत होती. मग डब्यात त्यानं एक ओळ लिहून ठेवली. त्या ओळीच्या हुकमानं रोज दिवेलागणीला टीव्ही आपोआप उजळायचा आणि पुढचं प्रकरण सुरू व्हायचं. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. कुणी बटण दाबायची गरज नाही, कुणी विसरायची सोय नाही.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, स्वतःच्या आवाजात, तो थोरलीला म्हणाला होता, "डोळे गेल्यापासून आईला ती वेळ खायला उठते. तिला एकटं पडू देऊ नकोस. खंड पडू देऊ नकोस."

"नाही पडू देणार," ती म्हणाली होती.

शस्त्रक्रिया झाली. आवाज गेला, आणि थोड्या दिवसांनी मागोमाग तोही गेला.

थोरलीचे नेम तसे बरेच होते. पहाटेची आंघोळ, आंघोळीनंतर जप, जपाआधी पाणीही नाही. नवऱ्यामागे तिनं एक नवा धरला. दिवा लावला की वाचन संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याच्या आवाजावर आपला आवाज पडू द्यायचा नाही. ती दिव्याजवळ बसायची, सासूबाई खिडकीशेजारच्या खुर्चीत, आणि मधल्या भिंतीवरच्या टीव्हीतून तो वाचायचा. भेटायला येणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत. "केवढं भाग्य हो, मुलगा गेला तरी आईला रोज वाचून दाखवतो." सासूबाई त्यावर काही बोलत नसत. थोरलीला वाटे, भरून येत असेल.

आणि काल वाचन झालं नाही.

वेळ झाली. टीव्ही उजळला. निळा पडदा आला आणि त्यावर एक छोटी चौकट, फाइल सापडली नाही. थोरली दिवा लावून बसली होती, म्हणजे मौन सुरू झालं होतं. तिनं रिमोटनं दोनदा प्रयत्न केला. पुन्हा तीच चौकट.

"आज काही नाही वाटतं?" सासूबाई म्हणाल्या.

थोरलीनं उत्तर दिलं नाही. वाचन संपलं की बोलायचं, असा नेम होता. सुरूच न झालेलं वाचन संपतं कधी, याचा विचार नेम धरताना कुणी केला नव्हता. ती तशीच मुकी राहिली. मुक्यानंच ताट वाढलं. सासूबाईंनी पुन्हा भात मागून घेतला, लवकर आडव्या झाल्या आणि लगेच घोरायला लागल्या. थोरलीला ते काळजात टोचलं. धक्क्यानं माणूस असंही करतं, तिनं स्वतःची समजूत घातली. झोपण्यापूर्वी तिनं डबा पडद्यावरून रीतसर बंद केला. हात मागे बांधून.

सकाळी चालू केला, तर निळा पडदाही येईना.

जप उरकून तिनं नवऱ्याच्या मित्राला फोन लावला. हा मित्र एका कार्यालयात संगणक सांभाळायचा. त्याच्या छातीवर रुळणाऱ्या दाढीमुळे घरात त्याचं नावच दाढीवाला पडलं होतं. डब्याच्या जन्माच्या वेळी तो हजर होता. झाकणाची निम्मी भोकं त्याची.

"वहिनी, टीव्हीला बरोबर वायर निवडलीय ना? तिथंच माझी हयात गेलीय, लोकांना टीव्हीचं बटण शिकवण्यात."

"निवडलीय. वायर काढून परत लावली. डब्यावर लाल दिवा आहे, हिरवा लुकलुकतोय."

"म्हणजे जीव आहे. पडदा निळा की काळा?"

"काळा. पांढरी अक्षरं."

"मग ठीक. नुसता काळा असता, तर मी फुलं घेऊनच आलो असतो."

मागच्या वेळी तो या घरी फुलं घेऊन आला होता. थोरलीनं ते कानाआड केलं. "भाऊ, एक लाल चांदणी डावीकडून उजवीकडे जातेय. मग परत येतेय."

"ती वाट बघतेय. कसली, ते शेजारी लिहिलेलं असेल. डिस्कची. दीड मिनिट बघेल, मग कंटाळेल."

दीड मिनिटात कंटाळायचं. थोरलीला त्या चांदणीचा हेवा वाटला.

खरंच, थोड्या वेळानं चांदणी नाहीशी झाली. आणीबाणीची अवस्था, असं काहीसं इंग्रजीत उमटलं आणि खाली मुख्य परवलीचा शब्द मागितला गेला. तो तिला ठाऊक होता. नवऱ्यानं पाठ करून घेतला होता.

"टाकताना काही दिसणार नाही हं," दाढीवाला म्हणाला. "टिंबंसुद्धा नाहीत. लोक घाबरतात, वाटतं कीबोर्ड मेला. तुम्ही टाकत राहा."

तिनं टाकलं. पलीकडे काही उमटत नसताना टाकत राहायची सवय तिला होती. वर्षभराची प्रार्थना म्हणजे दुसरं काय होतं?

मग त्यानं एक आज्ञा एकेक अक्षर करून सांगितली. जोडलेल्या सगळ्या डिस्कांची नावं पडद्यावर आली. सगळ्या म्हणजे एकच. संगणकातलं छोटं कार्ड.

"दुसरं काही नाही?"

"नाही."

"वहिनी, डिस्क आजारी असती तर निदान कण्हली असती. नाव दिसलं असतं, खाली लाल शिव्या दिसल्या असत्या. ही घरातच नाहीये. डबा उघडा."

थोरली थबकली. नवरा गेल्यापासून तिनं डब्याची बाहेरून धूळ पुसली होती, झाकण कधी काढलं नव्हतं. ते त्याचं काम.

"आणि तुम्हाला सांगतो," दाढीवाला बोलतच होता, "हे त्याच्या हट्टामुळे अडलंय. मी म्हटलं होतं, डिस्क जोडायच्या ओळीत 'नसली तर नसू दे, पुढे चल' एवढा शब्द घाल. एक डिस्क नाही म्हणून सगळं कशाला ठप्प? तर म्हणाला, ती नसली तर डबा चालून करायचंय काय?"

"हेच म्हणाले असतील," थोरली म्हणाली.

तिनं झाकण काढलं. आत सगळीकडे राखाडी धूळ बसली होती, आणि त्या धुळीत एक लांबट चौकोन लख्ख होता. चिकटपट्टी होती. डिस्क नव्हती, तिची वायरही नव्हती.

काल दुपारी धाकटा येऊन गेला होता. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली आली तेव्हा तो टीव्हीजवळून उठत होता. "वायर सैल होती, वहिनी. नीट केली," एवढं बोलून चहाही न घेता गेला होता.

"सापडलं का काही?" फोनमधून दाढीवाला विचारत होता.

"सापडलं," ती म्हणाली. "नंतर करते फोन."

धाकट्याचं दुकान बाजारातल्या अरुंद गल्लीत होतं. मोबाइलची कव्हरं, चार्जर, दारावर लावायचे कॅमेरे. काचेच्या टेबलामागे तो कुणाच्या तरी फोनवर नवी काच चिकटवत होता. बुडबुडा राहू नये म्हणून श्वास रोखून.

"वहिनी! आज इकडे कुठं? बसा. चहा सांगू?"

"डिस्क द्या."

"कसली?"

"डब्यातली, भाऊजी."

त्यानं गिऱ्हाइकाचा फोन पुसला, परत पुसला, देऊन टाकला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थोरली उभी राहिली. तिला मोठ्यानं बोलता येत नसे. रागावली की तिचा आवाज उलट आणखी खाली जाई. ते धाकट्याला माहीत होतं. तो आधीच पुढे वाकला.

"मी काही चोर नाही. घरातली वस्तू घरात आहे."

"हे दुकान आहे."

"शब्दात पकडू नका."

"चालू डब्यातून उपटलीत?"

"मग काय पूजा घालून काढू?"

"आतलं विस्कटतं." ती हे इतकं हळू म्हणाली, की त्याला ते ओठांवरून वाचावं लागलं असेल. "ते किती वेळा सांगायचे. तुमच्यासमोर सांगायचे."

"दादा पुष्कळ काही सांगायचा." धाकट्यानं टेबलावरचा फडका उचलला, घडी घातली, उलगडली. "वहिनी, खरं सांगू? मला आईनं सांगितलं. काढून ने म्हणाली."

"आई असं म्हणणार नाहीत."

"तुम्हाला काय माहीत, ती काय म्हणते? ती म्हणते त्या वेळी तुमचं तोंड बंद असतं." तो थांबला, पण आलेलं वाक्य त्याला गिळता आलं नाही. "आणि कानही."

थोरलीनं टेबलाच्या कडेला हात टेकला. काच गार होती.

"मग मला सांगायचं होतं."

"सांगून? तुम्ही भांडला असतात तर बरं होतं. तुम्ही भांडत नाही, तुम्ही उपास धरता. दोन दिवस पाण्यावर राहून सगळ्यांना पापी ठरवता. म्हटलं, बिघडलं म्हणाल, रडाल, गप्प बसाल. यंत्रावर कुणाचा राग नसतो." त्यानं खण ओढला. चार्जरांच्या गुंत्याखालून बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली. "पुसली नाहीये. पुसणार होतो, कॅमेऱ्याला लावायला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं."

तिचा नवरा एका गिऱ्हाइकामुळे वाचला होता. तिनं डिस्क पिशवीत ठेवली आणि त्यावर पदर घेतला.

"वहिनी," तो मागून म्हणाला, "वर्षभर दर आठवड्याला येतोय मी. आई कधी मला वाच म्हणाली नाही. आता असं नका समजू, की मला त्या वाचनाचं कौतुक होतं किंवा राग होता. मला काहीच नव्हतं. तिनं काढ म्हटलं, मी काढली."

थोरली वळली नाही.

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना काही विचारलं नाही. त्या आतल्या पलंगावर पडून होत्या, जाग्या की झोपेत ते कळत नव्हतं. बंद डोळे आणि उघडे डोळे यांत त्यांच्या बाबतीत फरक राहिला नव्हता. तिनं डबा रीतसर बंद केला, डिस्क त्या लख्ख चौकोनात बसवली, वायर जोडली आणि पुन्हा फोन लावला.

"सापडली? कुठं होती?" दाढीवाल्यानं विचारलं.

"घरातच होती."

तो समजला असावा. पडद्यावर काय दिसतंय, तेवढंच त्यानं विचारलं. डिस्क आता दिसत होती, पण जोडून घेत नव्हती. उपटल्यामुळे आतली व्यवस्था बिघडलीय अशी तक्रार करत होती. त्यानं तपासणीची आज्ञा सांगितली. पडदा प्रश्न विचारू लागला. अमुक जागी चूक आहे, दुरुस्त करू का? इथला हिशोब जुळत नाही, करू का? हे तुटलंय, जोडू का?

"सगळ्याला हो म्हणा, वहिनी."

तिनं प्रत्येक वेळी हो म्हटलं. इतक्या नम्रपणे, प्रत्येक गोष्टीआधी थांबून, गेल्या वर्षभरात तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

मग डबा पुन्हा सुरू केला. चांदणी आली, लगेच गेली. निळा पडदा आला. तिनं पडद्यावर पुस्तकाचा खण, म्हणजे फोल्डर, उघडला. प्रकरणं ओळीनं जागच्या जागी होती. शेवटच्या काहींपैकी एकावर तिनं बटण दाबलं, नुसतं खात्री करायला. आधी त्याचा तो छोटा खोकला. मग घोटभर पाणी प्यायचा आवाज. मग खरखरीत, खालच्या पट्टीतलं पहिलं वाक्य.

"आणलीस परत," आतून सासूबाई म्हणाल्या.

त्या भिंत चाचपत दारापर्यंत आल्या होत्या.

"बंद कर."

थोरलीनं बंद केलं.

"पहिल्यांदा म्हटलं होतं तेव्हा केलं असतंस तर?" सासूबाईंनी खुर्ची शोधली आणि बसल्या. "तो गेल्यावर पहिल्यांदा हे सुरू झालं, त्या संध्याकाळी. मी म्हटलं, बंद कर गं. तुला आठवतं?"

थोरलीला आठवलं. तिचं मौन होतं. तिनं हात वर केला होता, थांबा, ऐका, अशा अर्थानं. उघडा तळवा, आंधळ्या माणसापुढे.

"मी हात केला होता, आई."

"मला कसा दिसणार तो? मी वाट बघितली. मग वाटलं, तू खोलीत नाहीसच. तो बोलतोय आणि मी ऐकतेय, दुसरं कुणी नाही. अंगावर काटा आला माझ्या."

"नंतर सांगायचंत."

"सांगितलं की. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तू म्हणालीस, त्यांची इच्छा होती. मेलेल्याच्या इच्छेपुढं आंधळीचं काय चालणार? मग मी गप्प बसले. आलेल्या बाया म्हणायच्या केवढं भाग्य, तुला ते ऐकून बरं वाटायचं. म्हटलं, असू दे."

"आई, तुम्हाला गोष्टी आवडतात म्हणून त्यांनी..."

"गोष्टी!" सासूबाई हसल्या. त्या हसण्यात काही चांगलं नव्हतं. "तुला गोष्ट ऐकू येते. मला गळा ऐकू येतो. पहिल्या प्रकरणात तो ठणठणीत आहे. अर्ध्यावर आला की खोकायला लागतो. मग पाणी पितो. मग शब्दाच्या मध्येच हवा निघून जाते, तो परत म्हणतो तो शब्द. शेवटी शेवटी तर नुसती हवाच. मग पुस्तक संपतं, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं प्रकरण, पुन्हा ठणठणीत! तुझ्या त्या डब्यानं माझा मुलगा किती वेळा बरा केला आणि किती वेळा मारला, कधी मोजलंस? एकदा मरण बघायचं ठरलं होतं ना? एकदा? माझे डोळे गेले म्हणून तेवढं तरी सुटलं होतं."

थोरली दिव्याजवळच्या आपल्या जागेवर बसली. दिवा लागलेला नव्हता. तिनं तेच पुस्तक वर्षभर ऐकलं होतं, हात जोडून, डोळे मिटून, आणि तिला त्यात एकदाही हवा ऐकू आली नव्हती. तिला वाटायचं, तो शेवटी शेवटी हळू वाचतो ते तिच्यासाठी, जवळ बसल्यासारखं.

"मला तेवढंच उरलंय, आई."

"मग तू ऐक. कानात घालून ऐक. कोण अडवतंय? माझं नाव कशाला पुढं करतेस?"

मनात आलेलं उत्तर देवापुढे म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"तो तुला म्हणाला काय होता?" सासूबाईंनी विचारलं. "जाताना. नेमकं काय म्हणाला?"

"आईला एकटं पडू देऊ नकोस म्हणाले. खंड पडू देऊ नकोस म्हणाले."

"मग? पडले की मी एकटी. खंड कुठं पडला त्यात? रोज पडले."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सासूबाईंना दिसत नव्हतं, आणि त्याचं तिला पहिल्यांदाच बरं वाटलं. धाकटा उपासाबद्दल म्हणाला होता, तसंच तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानंही आजवर बरीच भांडणं जिंकली होती.

"मग काय करू?" ती म्हणाली.

"त्या वेळेला बोल. तू. कुणाशी भांडलीस, दूध नासलं, कपडे वाळले नाहीत, काहीही सांग. चुकत सांग. मध्येच विसर. मी 'काय म्हणालीस' म्हटलं तर परत सांग. त्याला परत म्हण म्हटलं, तर तो म्हणत नाही गं. पुढंच जातो."

"माझं मौन असतं तेव्हा."

"देवाला सांग, सासूनं मोडायला लावलं. पाप माझ्या माथी. ह्या वयात अजून थोडं पेलवेल." मग सासूबाईंचा आवाज बदलला. खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं काहीतरी शोधत असल्यासारखी हलली. "बोलशील का?"

थोरलीनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथून नेहमीप्रमाणे काही उत्तर आलं नाही.

"बोलेन."

"शब्द?"

"शब्द."

दुपार उतरल्यावर तिनं तिसऱ्यांदा दाढीवाल्याला फोन लावला.

"भाऊ, ती रोजची ओळ आहे ना, आपोआप सुरू करणारी. ती काढायची आहे."

"काढायची? आत्ता तर एवढा खटाटोप करून..."

"हो."

"बरं. ऐका, पुसू नका. पुसलेलं परत लिहिताना माणूस चुकतं. त्या ओळीच्या अगदी सुरुवातीला ते जाळीसारखं चिन्ह टाका. दोन उभ्या, दोन आडव्या. मग ओळ तिथंच राहते, पण मुकी होते. डबा वाचतो आणि सोडून देतो. कधी वाटलं, तर चिन्ह काढलं की झालं."

त्यानं सांगितलेली आज्ञा तिनं दिली. पडद्यावर नवऱ्याची ओळ उघडली. वेळेचे आकडे, मग काही इंग्रजी शब्द, शेवटी पुस्तकाच्या खणाचं नाव. हे त्यानं स्वतःच्या बोटांनी लिहिलेलं होतं. आवाज शाबूत असताना लिहिलं की घसा धरून लिहिलं, हे आता कोण सांगणार? ती ओळीच्या सुरुवातीला गेली. ते चिन्ह कीबोर्डवर कुठं आहे ते शोधायला तिला वेळ लागला. मग तिनं दाबलं. सगळी ओळ राखाडी झाली, जळून गेलेल्या वातीसारखी. तिनं ते जतन केलं आणि पडद्यावरून डबा बंद केला. हिरवा दिवा थांबेपर्यंत हात मागे बांधून उभी राहिली. एरवी थांबायची त्याहून जास्त थांबली.

संध्याकाळ झाली. तिनं दिवा लावला, हात जोडले. टीव्हीच्या काळ्या काचेत दिव्याचं एक लहानसं पिवळं टिंब दिसत होतं. ती वेळ आली आणि काच तशीच काळी राहिली. सासूबाई खिडकीशेजारी होत्या, मान किंचित टीव्हीकडे वळलेली, अंग आवळलेलं, कुणी मारायला हात उगारल्यावर माणूस बसतं तशा.

थोरली उठली. दिव्याजवळचं आपलं आसन तिनं उचललं आणि खुर्चीच्या पायाशी नेऊन टाकलं. बसली. तोंड उघडलं. वर्षभर या वेळेला ते उघडलं नव्हतं. घसा कोरडा पडला होता, आणि पहिला निघाला तो शब्द नव्हता, खोकला होता.

सासूबाई दचकल्या.

"मी आहे, आई," थोरली घाईनं म्हणाली. "मी." तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आज त्या डब्यात धूळ किती होती, तुम्हाला सांगते..."